बेस्टचा बसताफा पूर्ववत करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

प्रत : मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम.

विषय : बेस्टच्या स्वमालकीच्या बसगाड्या वाढविणे व परिवहन तुटीची अर्थसंकल्पात कायम तरतूद करणेबाबत.

महोदय,

आम्ही धारावी, माहीम, शीव, वडाळा भागातील रोज बसने जा-ये करणारे रहिवासी सोबतच्या सह्यांनिशी हे निवेदन सादर करीत आहोत.

७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेकडे आली. पुढे कित्येक दशके शहर भागातील वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे. ती सोय संपली आणि तिच्या जागी दुसरी कायमची सोय कुणी लावली नाही. दरवर्षी अनुदान मागायचे, मिळेल तेवढ्यात भागवायचे आणि न भागल्यास गाड्या कमी करायच्या, असा कारभार सुरू आहे. रस्ते झाडण्यातून यंदा नफा किती झाला, असे महापालिका विचारीत नाही. मग बसलाच तो हिशोब का?

२०१९ च्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे उपक्रमाने मान्य केले होते. आज हा ताफा हजाराच्याही खाली आहे. जागा भरून काढायला वेट लीजच्या गाड्या आल्या. गाडी, चालक, देखभाल कंत्राटदाराची आणि पैसे किलोमीटरमागे. कागदावर हे स्वस्त दिसते. पण परवडेना म्हणून कंत्राटदार निघून गेले, तेव्हा त्यांच्या गाड्याही गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केले, तेव्हा थांब्यावर ताटकळलो आम्ही. ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ल्यातील अपघाताने तर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न जीव घेऊन पुढे आणला.

आता भाडे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ वरून ५ रुपये झाले आणि प्रवासी बसकडे परतले. ९ मे २०२५ पासून तेच १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे १२. दोन बस बदलून धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईला येता-जाता चार तिकिटे लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० रुपयांचे १,०४० झाले आणि नशिबी सगळ्या एसी गाड्याच आल्या तर १,२४८. कामावर उशीर झाला की खाडा लागतो. साधी गाडी येईपर्यंत थांबण्याची चैन तिला नाही. शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षाही चालत नाहीत, म्हणजे बस चुकली की टॅक्सी, नाहीतर पायपीट. दुप्पट पैसे घ्यायचे तर गाड्या तरी वेळेवर सोडाव्यात, एवढेच तिचे म्हणणे आहे.

यास्तव बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा. जानेवारी २०१९ च्या नऊ दिवसांच्या संपातही हीच मागणी होती. त्यासोबत ३,३३७ गाड्यांचा शब्द कोणत्या वर्षी किती गाड्या घेऊन पाळणार, याचे वेळापत्रक जाहीर करावे. वेट लीज चालकांना उपक्रमाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण मिळाल्याशिवाय गाडी हाती देऊ नये आणि त्यांचा पगार थकल्यास कंत्राटदाराच्या बिलातून तो परस्पर अदा करावा. मेट्रो स्थानकांपासून वस्त्यांपर्यंत छोट्या गाड्यांच्या फेऱ्या वाढवाव्यात. आगारांच्या जागा विकासकांना देण्याचे प्रस्ताव तोपर्यंत स्थगित ठेवावेत. उद्या गाड्या आल्या तर त्या उभ्या कुठे करणार?

वरील मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे व चर्चेसाठी प्रवाशांच्या शिष्टमंडळास वेळ द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपले,
बसप्रवासी रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)