बियाण्याचा जमाखर्च

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी एक धडा घोकतो: भांडवल वेगळे आणि नफा वेगळा. भांडवल मोडून जो नफा वाटतो, त्याची पेढी फार दिवस चालत नाही. हिशेबाच्या वहीत हा धडा आपल्याला चटकन पटतो. पण घरच्या परसातल्या भाजीला तो लावून पाहावा, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात तेच करून पाहण्याचा विचार आहे.

आपल्या हैदराबादेत हल्ली गच्चीवर भाजी लावणारे पुष्कळ झाले आहेत. जुन्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, सिमेंटच्या कुंड्या, जे मिळेल त्यात भेंडी, टोमॅटो, पालक लावलेला दिसतो. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु यातले बहुतेकजण दर हंगामाला बियांची नवी पाकिटे विकत आणतात. भाजी घरची आणि बी मात्र बाजारचे! माझे म्हणणे एवढेच की, जो भाजी लावतो पण बी धरत नाही, तो अर्धीच बाग करतो.

येथे संकरित बियाण्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. संकरित फळाचे बी उगवतच नाही, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. ते उगवते, परंतु दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत फुटून विखुरतात. एक रोप आज्यावर जाते, दुसरे पणज्यावर. त्यामुळे एकसारखे पीक हवे असणाऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. संकरित वाण उत्पन्न जास्त देतात हेही कबूल केले पाहिजे, आणि पोटासाठी शेती करणाऱ्याने ते लावले तर त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्याला चार माणसांपुरतीच भाजी हवी आहे, त्याने दरसालचा हा खर्च का म्हणून करावा? त्याने देशी, सरळ वाण लावावा आणि बी आपल्या घरात ठेवावे.

हे काम अवघड नाही. टोमॅटो, चवळी, घेवडा, वाल यांचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, म्हणून त्यांचे वाण सहसा शुद्ध राहतात. वेलीवरची उत्तम शेंग खाण्याचा मोह सोडून ती बियाला राखायची, एवढाच काय तो त्याग. टोमॅटोचा गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबू दिला की बीवरचा बुळबुळीत पडदा सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवावे. वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवावे. दोडका, भोपळा, काकडी यांचे मात्र पराग मधमाश्या इकडचे तिकडे नेतात. तेव्हा मादी फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी त्याला कापडाची पुरचुंडी बांधावी, ते उमलल्यावर त्याच जातीच्या नर फुलाचा पराग हाताने लावावा आणि पुन्हा बांधून ठेवावे. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, म्हणजे कॉलेजातून घरी आल्यावरही हे काम जमते! मृगाला लावलेल्या वेलावरचा दोडका वाळून खुळखुळू लागला की त्यातून वाटून उरतील इतक्या बिया निघतात. बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा शास्त्रज्ञांचा आडाखा आहे. आपल्या आज्या बी राखेत का ठेवत, याचे उत्तर त्यात आले.

आज्यांचा विषय निघालाच म्हणून सांगतो. माझ्या वडिलांचे गाव उदगीर तालुक्यात, आईचे माहेर बिदरजवळ. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. पुढे एक गाव मराठी राज्यात गेले, एक कन्नड राज्यात, आणि आम्ही पोटापाण्यासाठी काचीगुड्याला आलो. आमच्या परसात विहिरीच्या भिंतीवर जांभळ्या कडेच्या वालाचा एक वेल आहे. आजी त्याला ‘बिदरची शेंग’ म्हणते, आणि तिकडे अज्जी त्यालाच ‘उदगीर अवरे’ म्हणते! कुणी कुणाला प्रथम दिले, हे आता दोघींनाही सांगता येत नाही. दुकानात चौकशी केली तर दुकानदार वाणाचे नाव विचारतो, आणि या वाणाला दोन विहिणींनी ठेवलेल्या नावांखेरीज तिसरे नाव नाही.

येत्या उन्हाळ्यात आमचे घर पाडून तेथे इमारत उठणार आहे. घरमालकाचा व्यवहार पुरा झाला आहे, आणि त्यात गैर असे काही नाही. विहीर बुजेल, भिंत जाईल, वेल जाईल. आजी त्याविषयी फारसे बोलत नाही. तिने यंदा एकही शेंग भाजीला तोडू दिली नाही, इतकेच. बी राखले नसते तर तो वाण त्याच दिवशी संपला असता आणि कोणत्याही वहीत त्याची नोंद झाली नसती.

कुणी म्हणेल, वाण जपायला मोठमोठ्या संस्था आहेत की! आहेत, आणि त्या आपल्या शेजारीच आहेत. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या 1972 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या जनुकपेढीत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग इत्यादींचे सव्वा लाखाहून अधिक नमुने शीतगृहात आहेत. पण ती झाली मुदत ठेव. घरातला रोजचा व्यवहार चालू खात्यावर चालतो. शीतगृहातले बी जसेच्या तसे राहते. परसातले बी दरवर्षी आपले ऊन, आपले पाणी, आपली कीड पाहते, आणि त्यातून जे तगते तेच पुढे जाते. दोन्ही खाती हवीत.

हे चालू खाते कोण सांभाळते, ते पाहण्यासारखे आहे. बिदरच्या वाटेवर जहिराबाद लागते. त्या भागातल्या पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित, गरीब शेतकरी स्त्रियांनी गावोगाव बियाण्याच्या पेढ्या उभ्या केल्या. 2019 साली त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावठी वाण जमवून वाटले, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्ही पदवी घेऊन जे शिकणार, ते भांडवलाचे शास्त्र या बायांना न शिकता कळले होते.

कायदाही याच बाजूचा आहे. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदलीचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकण्याची तेवढी मनाई आहे. परंतु न वापरलेला हक्क हा न वटवलेल्या धनादेशासारखा असतो. मुदत टळली की त्याचा कागद होतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट बियांसाठी असावे. पूर्वी खेड्यात धान्य सवाई-दिडीने देत असत, तसे येथे जो एक मूठ नेईल त्याने हंगामानंतर दोन मुठी आणून द्याव्यात. बाटलीवर वाणाचे नाव मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही भाषांत लिहावे: दोडका, हीरेकायी, बीरकाया. वाटल्याने वाढणारे असे भांडवल आमच्या पाठ्यपुस्तकात कोठेही दिलेले नाही. त्या कपाटातली पहिली बाटली जांभळ्या कडेच्या वालाची असेल. आजीची परवानगी मी घेतली आहे. नावाच्या जागी दोन्ही गावांची नावे लिहीन, म्हणजे विहिणींत वाद नको!