कार्ड आहे, पण दवाखान्यात चालेल का? किनाऱ्यावरच्या कामगारांचा आरोग्य विमा कुठे अडतो

रत्नागिरी : कागदावर पाहिलं तर जिल्ह्यातलं एकही कुटुंब आता आरोग्य विम्याशिवाय राहायला नको. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत राज्यातली सगळी रेशनकार्डधारक कुटुंबं आली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. तरीही हर्णै, मिरकरवाडा किंवा साखरीनाट्याला एखादा खलाशी आजारी पडला, की घरचे आधी शेठकडे उचल मागायला जातात. योजना आहे, पैसेही सरकार भरतं, मग माणूस कर्जात का जातो?

याचं उत्तर योजनेच्या रचनेतच आहे. विमा चालतो तो घराच्या पत्त्यावर आणि कागदावर. किनाऱ्यावरचा कामगार जगतो तो हंगामावर. आठ-दहा महिने बोटीवर, आंब्याच्या बागेत, चिरेखाणीवर किंवा मासळीच्या कंपनीत. ज्या दिवशी दुखणं येतं त्या दिवशी तो एका गावात असतो आणि त्याचा कागद दुसऱ्याच गावात.

दीड लाखावरून पाच लाख

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोकणात तेव्हा शेजारचा रायगड त्यात होता, रत्नागिरीला थांबावं लागलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली. २०१७ मध्ये नाव बदललं. बराच काळ मर्यादा दीड लाखाची होती आणि लाभ मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांना. दुसरीकडे केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. तिची मर्यादा ५ लाख, पण पात्र कुटुंबं ठरली २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीवरून. एकाच वाडीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्याला दीड लाख, असा प्रकार त्यातून झाला. २०२३ मध्ये राज्य सरकारने सर्वांना पाच लाखांचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला.

म्हणजे "आपलं नाव यादीत नाही" हे कारण आता उरलेलं नाही. अडचणी आहेत त्या पुढच्या टप्प्यावर.

पहिली अडचण : रेशनकार्डावर नाव कोणाचं?

संरक्षण कुटुंबाला आहे आणि कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावं. कोकणात इथेच गाडी अडते. भाऊ वेगळे झाले तरी कार्ड वडिलांच्या नावावर एकच. मुलगा मुंबईला गेला, त्याचं नाव तिकडच्या कार्डात गेलं, पुढे तो गावी परतला आणि बोटीवर चढला. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नाही. आधारवर एक स्पेलिंग आणि रेशनकार्डावर दुसरं. रोजच्या व्यवहारात हे खपून जातं. रुग्ण स्ट्रेचरवर असताना खपत नाही.

यावर उपाय एकच, आजारी पडण्याआधी तपासणं. रेशनकार्डाचं ई-केवायसी पूर्ण आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे रेशन दुकानात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत कळतं. त्यानंतर आयुष्मान कार्ड काढून ठेवावं. ते सेवा केंद्रात निघतं, आशा सेविकेकडूनही मदत मिळते आणि स्वतःच्या मोबाईलवर आयुष्मान ॲपमधूनही काढता येतं. वर्षानुवर्षं जाळी ओढून किंवा कोळंबी सोलून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. अशा वेळी परत फिरू नये. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते.

दुसरी अडचण : दवाखाना कुठला?

योजना प्रत्येक दवाखान्यात चालत नाही. ज्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांचा योजनेशी करार आहे, तिथेच चालते, आणि तिथेही प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक आजार नसतो. एकाकडे हाडांचं असेल, हृदयाचं नसेल. त्यामुळे "तिथे योजना आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "या आजारासाठी योजना आहे का?" असं विचारायला हवं. मंडणगड किंवा राजापूरच्या टोकाला हा प्रश्न जास्त बोचतो. चुकीच्या दारात गेलं तर घाटावर किंवा मुंबईला जाईपर्यंतचा वेळही जातो आणि गाडीभाडंही.

करार असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कार्ड आणि ओळखपत्र त्याला दाखवायचं. तो नोंद करतो, डॉक्टरांच्या कागदांवरून उपचाराची पूर्वमंजुरी मागवली जाते. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून घेतात, कागद मागून देता येतात. मंजूर उपचारात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं आणि रुग्णाचं जेवण धरलेलं असतं. त्यासाठी वेगळं डिपॉझिट मागणं योजनेत बसत नाही. कोणी मागितलं तर पावती मागावी आणि राज्याच्या १५५३८८ किंवा केंद्राच्या १४५५५ या नंबरवर तक्रार करावी. निघण्याआधी त्याच नंबरवर फोन करून जवळचं योग्य रुग्णालयही विचारता येतं.

मात्र हा विमा दाखल होण्यासाठी आहे. ताप, खोकला, कंबरदुखी, बीपीच्या रोजच्या गोळ्या यात येत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. खासगीत किरकोळ दुखण्यावर शे-पाचशे घालवण्याआधी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बाहेरून आलेल्यांचं काय?

किनाऱ्याचं अर्थकारण आज बाहेरच्या हातांवर उभं आहे. चिरेखाणीवर कर्नाटकातली कुटुंबं, बोटींवर उत्तरेकडचे खलाशी, बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी.

परराज्यातल्या कामगाराकडे केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभरात चालतं. करार असलेल्या रत्नागिरीतल्या रुग्णालयातही चालतं. पण त्याच्या राज्याची स्वतंत्र योजना असेल आणि तो केंद्राच्या यादीत नसेल, तर ते कार्ड इथे चालेलच असं नाही. अनेक जण मूळ कार्ड गावी पेटीत ठेवून येतात. आयुष्मान कार्डाचा नंबर आणि फोटो मोबाईलमध्ये असला तरी निम्मं काम होतं.

नेपाळी कामगाराची गोष्ट अवघड आहे. तो भारताचा नागरिक नाही, त्यामुळे आयुष्मानही नाही आणि राज्याच्या रेशनकार्डाची योजनाही नाही. रात्री बागेत राखण करताना साप चावला किंवा फांदीवरून पडला, तर त्याच्यामागे सरकारी दवाखाना आणि मालकाची माणुसकी एवढंच असतं. हंगामापुरता त्याच्या नावाने खासगी अपघात विमा उतरवणं बागायतदाराला अशक्य नाही. मोठा अपघात झाला तर होणाऱ्या खर्चापुढे तो हप्ता किरकोळ ठरतो.

कंपनीत असाल तर पगाराची पावती पाहा

मासळी प्रक्रिया, कॅनिंग, पॅकिंग, हॉटेल अशा ठिकाणी दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय लागू होऊ शकतो. त्यात कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १० हजार पगारावर कामगाराचे ७५ रुपये, मालकाचे ३२५. बदल्यात कुटुंबाला उपचार मिळतात, त्यात बाहेरूनच औषध घेऊन जाण्याचा उपचारही येतो. शिवाय हप्ते पुरेसे भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम आणि बाळंतपणाला २६ आठवड्यांची भरपगारी रजा.

फुले योजना बुडालेली मजुरी देत नाही, ईएसआय देते. हा फरक मोठा आहे. म्हणून ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या बायांनी विचारावं : आमचा ईएसआय नंबर आहे का? पैसे कापले जातात आणि नंबर नाही, असं असेल तर गप्प बसू नये. बोटीवरचा खलाशी मात्र उचल आणि वाट्यावर काम करतो. पगाराची पावतीच नसते, म्हणून हा दरवाजा त्याच्यासाठी सहसा बंदच राहतो.

अपघात विमा म्हणजे आरोग्य विमा नव्हे

इथे बरेच जण गोंधळतात. बँकेतून २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे, २ लाखांपर्यंत. ४३६ रुपयांची जीवनज्योती ही मृत्यूनंतरची. ई-श्रम कार्ड ही असंघटित कामगाराची नोंदणी आहे, ते दाखवून ऑपरेशन होत नाही.

मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा वेगळा आहे. १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही, तो सरकार भरतं. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघातात दवाखान्यात दाखल झाल्यास २५ हजार. पण त्यासाठी नाव नोंदलेलं हवं. नोंद नसली तर नंतर घरच्यांना हेलपाटेच घालावे लागतात.

घरात ७० च्या पुढचं कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. मुलगा समुद्रात असताना आई-वडिलांच्या उशाशी हे कार्ड असलेलं बरं.

हे काम पावसाळ्यातच

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला, आंबा संपलेला, खाणी थंडावलेल्या. माणूस घरी आणि कागदही घरी, असे वर्षातले हेच दोन महिने. नारळी पौर्णिमेनंतर कोणाला तहसीलला जायला सवड नसते.

आणि सगळा भार खलाशावरच टाकायचं कारण नाही. हंगामाच्या तोंडावर बोटीवरच्या माणसांची यादी आणि ओळखपत्रं सुरक्षेसाठी गोळा करावीच लागतात. त्याच यादीत आणखी दोन रकाने आखले तर? आयुष्मान कार्ड नंबर आणि अपघात विम्यात नाव, हो की नाही. मच्छीमार सोसायटीने हे मनावर घेतलं तर एका दुपारचं काम. ग्रामपंचायतीने चिरेखाणी आणि बागांसाठी असंच केलं, आशा सेविका आणि सेवा केंद्रवाल्याला एक दिवस तिथे बसवलं, तर ज्यांची नावं सुटली आहेत ती दुखणं येण्याआधीच कळतील.

सरकारने पाच लाखांची सोय केली, ती चांगलीच आहे. पण ती दवाखान्याच्या काउंटरवर सुरू होते आणि कामगाराला तिथपर्यंत स्वतःच्या कागदांवर पोचावं लागतं. यंदाच्या बंदीच्या काळात सोसायटी, ग्रामपंचायत आणि मालक यांनी तेवढं जरी बघितलं, तरी पुढच्या हंगामात उचल मागायला जाणारी काही माणसं कमी होतील.