नंबर कुठून मिळाला?

“चिकू सर बोलताहेत का?”

मुळशीजवळच्या एनए प्लॉटची स्कीम सांगायला फोन केलेल्या त्या मुलीला मी भलत्याच आनंदाने “हो, बोलतोय” म्हणालो. माझं नाव चिकू नाही. मला जगात कुणीही चिकू म्हणत नाही. चार महिन्यांपूर्वी कोथरूडमधल्या एका ज्यूसच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने बिलासाठी नाव आणि नंबर मागितला, तेव्हा हातात चिकू मिल्कशेक होता, म्हणून तेच नाव ठोकून दिलं होतं. त्याआधीपासूनच मी प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव सांगायला लागलो होतो. चपलांच्या दुकानात मी कोल्हापुरे, चष्म्याच्या दुकानात काचवाला. सापळा लावून बसलो होतो म्हणा. तो त्या दिवशी वाजला.

“मॅडम, माझा नंबर कुठून मिळाला?”

“सर, सिस्टीममध्ये आहे.”

“सिस्टीममध्ये कुठून आला?”

फोन कट.

ज्यूसवाल्यानेच नंबर विकला असेल, असं मी म्हणणार नाही. त्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून गेला असेल, ‘लॉयल्टी पॉइंट्स’ सांभाळणाऱ्या तिसऱ्याच कुणाकडून गेला असेल. मला माहीत नाही. आणि मला हे कळायची सोय नाही, हेच माझं भांडण आहे.

मित्रांना हा किस्सा सांगितला की ते हसतात आणि म्हणतात, ब्लॉक करून टाक ना, एवढं काय. या ‘एवढं काय’चं उत्तर द्यायला मला माझ्या बाबांची गोष्ट सांगावी लागेल.

बाबा निवृत्त शिक्षक. आलेला फोन उचलायचा आणि समोरच्याशी नीट बोलायचं, हा त्यांच्या पिढीचा धर्म. पर्सनल लोन विकणाऱ्या मुलीलाही ते “ताई, मला गरज नाही हो, पण तुमचं जेवण झालं का?” असं विचारायचे. मग फोन वाढले. दिवसाला सहा, आठ. दुपारी झोप लागली की हमखास एक. शेवटी मीच त्यांना ब्लॉक करायला शिकवलं. त्यांनीही विद्यार्थ्याच्या निष्ठेने एकेक नंबर ब्लॉक करायला सुरुवात केली. त्यात एक नंबर ते जिथे रक्त तपासायचे त्या लॅबचा होता. ‘फुल बॉडी चेकअपवर पन्नास टक्के सूट’ सांगायला त्या नंबरवरून महिन्यात तीनदा फोन आला होता.

गेल्या वर्षी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली. थोड्या दिवसांनी त्यांना चालताना तोल गेल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून रक्त दिलं. सोडियम ११६ आलं. ते साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. इतका धोकादायक आकडा आला की लॅबने रुग्णाला तातडीने फोन करायचा असतो, आणि लॅबने तो केला. दोनदा केला. त्याच ब्लॉक केलेल्या नंबरवरून. रात्री नऊला आईने व्हॉट्सॅपवर आलेली पीडीएफ उघडली, तोवर बाबांना समोर कोण बसलंय हे नीट सांगता येत नव्हतं. तीन दिवस दवाखान्यात काढले. आता बरे आहेत.

ब्लॉक करायला मी शिकवलं होतं. ते मला विसरता येत नाही. पण आजारपणाची खबर आणि सवलतीची जाहिरात एकाच नंबरवरून पाठवायचं मी ठरवलं नव्हतं.

आता माझ्या धंद्याबद्दल. मी सॉफ्टवेअर लिहितो. पहिल्या नोकरीत दीड वर्ष मी अशाच एका कंपनीसाठी काम केलं, जिचं सगळं पोट ‘लीड्स’वर चालायचं. ‘मला ऑफर्स पाठवा’ या चौकटीत आधीच टिक असलेला फॉर्म मी स्वतः लिहिलाय. ‘अनसबस्क्राइब’ दाबल्यावर आधी लॉगिन मागणारं पानही. ‘तुमची विनंती मिळाली, ७ ते १० कामाचे दिवस लागतील’ हे वाक्य वाचलं की मला अजून कसंतरी होतं, कारण डेटाबेसमध्ये ते एका ओळीचं काम आहे. टिक पडायला एक सेकंद लागतो, तसाच पुसायलाही एक सेकंद लागतो. उरलेले दहा दिवस मुद्दाम ठेवलेले असतात.

तिथे शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘लीड सोर्स’ नावाचा कॉलम. विक्रीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. कोणता नंबर कुठून आला, हे त्यात लिहिलेलं असतं, कारण कुठल्या यादीतून किती गिऱ्हाईक मिळालं यावर पुढच्या यादीचे पैसे ठरतात. मार्केटिंगवाला दुसरं काहीही विसरेल, हे विसरणार नाही. फोन करणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर मात्र तो कॉलम बहुतेक वेळा दाखवत नाहीत. ती “सिस्टीममध्ये आहे” म्हणते तेव्हा खरंच बोलत असते. तिच्यावर खेकसू नका. तिला दिवसाचं टार्गेट आहे आणि तुमच्या आधी तिने दहा जणांच्या शिव्या खाल्ल्यात. पण कंपनी जेव्हा “आम्हाला माहिती नाही” म्हणते, तेव्हा ती खोटं बोलते.

बरं, आपले नियम काय म्हणतात? टेलिकॉम नियामक म्हणजे ट्राय २००७पासून या प्रकारामागे आहे. १९०९ नंबरवर प्राधान्य नोंदवता येतं, म्हणजे आपलं जुनं डीएनडी. २०१८च्या नियमांनी मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीला नोंदणी सक्तीची केली. फेब्रुवारी २०२५मध्ये ते आणखी कडक झाले. आता डीएनडीत नोंद नसली तरी तक्रार करता येते, तीन दिवसांऐवजी सात दिवसांत करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारे नंबर आहेत, साध्या दहा आकडी मोबाइलवरून असा फोन करायला बंदी आहे. मेसेजच्या नावापुढे पी दिसला तर तो जाहिरातीचा, हेही त्यातलंच. तक्रारी करा, मी करतो. कधीकधी नंबर बंद झाल्याचं उत्तरही येतं. पण हे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत, व्हॉट्सॅपवरचा जाहिरातींचा उकिरडा त्यांच्या कुंपणाबाहेर आहे. आणि मुख्य म्हणजे ही सगळी यंत्रणा ‘फोन कोणी केला’ एवढंच विचारते. एक सिम बंद पडतं, यादी तशीच राहते, दुसऱ्या सिमवरून पुन्हा सुरू.

यादीला हात घालायचं काम खरं तर दुसऱ्या कायद्याचं आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, ऑगस्ट २०२३चा. मी तो मूळ वाचला, आणि सुरुवातीला खूशही झालो. आख्ख्या कायद्यात सामान्य माणसासाठी ‘ती’ असं सर्वनाम वापरलंय, हे मला आवडलं. संमती मोकळी, नेमकी आणि विनाअट हवी, म्हणतो. ती देणं जितकं सोपं, तितकंच काढून घेणं सोपं हवं, म्हणतो. (माझे दहा कामाचे दिवस!) सूचना मराठीतही मागता येईल, म्हणतो. त्यात एक उदाहरण तर जणू माझ्या ज्यूसवाल्यासाठीच लिहिलंय: एक बाई औषधाच्या दुकानात पावती मेसेजवर पाठवा म्हणून नंबर देते, तर दुकानदाराने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. झालं. एनए प्लॉटचा त्यात उल्लेख नाही.

मग मी कलम ११ वाचलं. माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क. तुमचा डेटा आम्ही पुढे कुणाकुणाला दिला, हे कंपनीने सांगायचं. पण तो आमच्याकडे आला कुठून, हे सांगायचं बंधन त्या कलमात नाही. युरोपच्या जीडीपीआरमध्ये आहे: माहिती तुमच्याकडून घेतलेली नसेल तर तिचा स्रोत विचारता येतो. शिवाय तिथे जाहिरातीला ‘नको’ म्हटलं की कारण न विचारता थांबवावं लागतं. आपल्याकडचा हक्क चालतो तोही फक्त अशा कंपनीवर, जिला तुम्ही पूर्वी संमती दिली होती. पुन्हा वाचा. ज्याला मी स्वतः नंबर दिला, त्याच्याकडे हिशेब मागू शकतो. ज्याने तो माझ्या पाठीमागे मिळवला, त्याच्याकडे याच कलमाखाली गोषवारा मागता येत नाही, कारण त्याला मी संमती दिलीच नव्हती. पुसून टाका म्हणण्याचा हक्कही तसाच बांधलेला.

चोराला वगळून बाकी सगळ्यांची झडती घेणारा हा कायदा आहे. त्याच्याविरुद्ध डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे जाता येईल, हे खरं. पण काय सिद्ध करणार? ‘चिकू’? दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जाणार, मला किंवा बाबांना त्यातून काही नाही. नुकसानभरपाईची तरतूद असलेलं आयटी कायद्यातलं कलम ४३अ सुद्धा हाच कायदा काढून टाकतो. उलट तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर माझ्यावर दहा हजारांपर्यंत दंड. शिवाय नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले तेव्हा कळलं की नागरिकांच्या हक्कांची कलमं अठरा महिन्यांनी लागू होणार. तक्रारीला उत्तर द्यायला कंपनीला नव्वद दिवसांपर्यंत मुभा. फोन यायला मात्र मुदत लागत नाही.

कंपन्यांवर किती ओझं टाकायचं, असं माझे काही सहकारी म्हणतात, छोटा दुकानदार मरेल. छोट्या दुकानदाराला माझा नंबर कशाला हवाय? बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्येच दुकानांना कळवलंय. आणि स्रोत सांगायला नवं काही बांधावं लागणार नाही. कॉलम आहे. भरलेला आहे. तो फोनच्या या टोकालाही दिसू द्या, एवढंच. कलम ११मध्येच ‘नियमांनी ठरवलेली इतर माहिती’ द्यायची सोय ठेवलीय. मागणी एका ओळीची आहे: पहिल्याच फोनवर, न विचारता, नंबर कुठून आला ते सांगायचं.

तोवर मी बाबांना नवं वाक्य शिकवलंय. ते आता फोन उचलतात, जेवणाची चौकशी करतात आणि मग विचारतात, “ताई, आमचा नंबर कुठून मिळाला?” उत्तर, तारीख आणि नंबर वहीत लिहितात, शुद्धलेखन तपासून. सतरा पानं झालीत.

लॅबला मी मेल पाठवला. तीन गोष्टी लिहिल्या: जाहिरातीचे फोन बंद करा, रिपोर्टसाठी वेगळा नंबर ठेवा, आणि बाबांची माहिती कुणाकुणाला दिलीत ते कळवा. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं की आपली तक्रार नोंदवली आहे, आणि खाली आमच्या सेवेला किती स्टार द्याल, अशी विचारणा. आज सत्तेचाळिसावा दिवस आहे. मधल्या काळात त्यांचे दोन फोन आले. व्हिटॅमिन डीवर सूट आहे.