हाताचा कंप

गेल्या आश्विनांत आमच्या वडील भगिनीचें, आक्काचें, सहस्रचंद्रदर्शन झालें. चिरंजीवांनीं नुकताच एक चिमुकला डिजिटल कॅमेरा आम्हांस आणून दिला होता. तेव्हां छायाचित्रें काढण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें. माजघरांत लेकीसुना औक्षण करीत होत्या. आम्हीं आठ चित्रें घेतलीं. त्यांपैकीं सात पुसट निघालीं. निरांजनाच्या ज्योतींच्या लांबलचक तारा झालेल्या आणि आक्काला दोन दोन नाकें! पौषांत आक्का गेली. पुन्हा काढूं म्हणण्याची सोय उरली नाहीं.

खोट कॅमेऱ्यांतच आहे अशी आमची खात्री होती. तो घेऊन आम्ही एका दुकानदाराकडे गेलों. हा गृहस्थ आमचाच जुना विद्यार्थी. त्यानें तक्रार शांतपणें ऐकली, सारीं चित्रें पाहिलीं आणि आठवें पुढें ठेवून विचारलें, "गुरुजी, हें घेतांना आपण कसे उभे होतां?" त्या चित्रांत आक्का विड्याचीं पानें पुसत बसली आहे, आणि पानाची शीरन् शीर दिसते. आम्हांस आठवलें, पंगतींत वाढून कंबर अवघडली होती, म्हणून दाराच्या चौकटीला खांदा टेकला होता. "मग यंत्र निर्दोष आहे," एवढेंच तो म्हणाला. त्याच्या वहीवर आम्हीं मारलेल्या शेऱ्यांत इतका सौम्य एकही नसेल.

प्रत्येक चित्रासोबत यंत्र आपली नोंद ठेवतें. त्या माजघरांत कॅमेऱ्याची झडप एक-अष्टमांश सेकंद उघडी राहिली होती, असें तींत निघालें. तेवढ्या अवकाशांत हात जितका हलेल तितकी रेघ ओढली जाते. छायाचित्र हा शब्द आम्हांस कधींच रुचला नाहीं. चित्र काढतो तो प्रकाश, छाया नव्हे. तो लेखणी टेकवून बसला असतां आपण खालचा कागद हलवितों, इतकाच काय तो अपराध.

जड यंत्र स्वतःच्या भारानें स्थिर राहतें. हें दीडदोनशे ग्रॅमचें खेळणें बोटाच्या दाबानेंही डुलतें. त्यांत डोळ्याला लावावयाची खिडकी बहुधा नसते, म्हणून मागची काच पाहण्याकरितां आपण हात लांब करून तें हवेंत धरतों. 1900 सालीं निघालेला ब्राउनी कॅमेरा लोक पोटाशीं धरीत. ती बैठक सहजच बरी होती.

जाणते असें सांगतात कीं, जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या हिशेबानें भिंगाचें माप जितके मिलिमीटर, सेकंदाचे तितके भाग करावे आणि त्यांतील एका भागाहून अधिक वेळ झडप उघडी नसावी. 28 मापास तिसावा भाग पुरतो. झूम ओढून 140 केलें कीं दीडशेवा लागतो. शिवाय झूम ओढल्यावर बहुतेक लहान कॅमेऱ्यांत उजेडही कमी शिरतो. म्हणून झूम न ओढतां आपणच दोन पावलें पुढें जावें. कंप आवरणारी योजना हल्लीं पुष्कळ यंत्रांत असते. ती हाताचा कंप बराच झांकते; समोरचें पोर हललें तर मात्र तिचा इलाज चालत नाहीं.

आतां धरावें कसें? कोपरें बरगड्यांस टेकवावीं. दोरी गळ्यांत घालण्याजोगी असेल तर ती ताणली जाईपर्यंत कॅमेरा पुढें सारावा. कळ अर्धी दाबून भिंगाची जुळणी होऊं द्यावी, आणि मग उरलेली अर्धी हलकेंच दाबावी. टिचकी मारूं नये. श्वास छाती भरून कोंडणारे फसतात, कारण कुंभकांत छातीची धडधड हातांत उतरते. रेचकाच्या शेवटीं जी क्षणभर विश्रांति असते, तीच वेळ साधावी. टेकावयास भिंत नसेल तर अर्धवट ज्वारी भरलेली पिशवी फळीवर ठेवून तींत कॅमेरा रुतवावा, व दोन सेकंदांनीं आपोआप झडप उघडणारी सोय लावून हात काढून घ्यावा. ही युक्ति आमच्या मंडळींची. आमच्या नांवावर खपवूं नये अशी ताकीद आहे.

येत्या वैशाखांत नातवाची मुंज आहे. मातृभोजन त्याच माजघरांत व्हावयाचें; उजेड तेवढाच. कोणत्या खांबाला टेकावयाचें तें आम्हीं ठरवून ठेवलें आहे, आणि त्या खांबाशीं पाण्याचें पिंप ठेवूं नये असें घरांत दोनदां सांगून झालें आहे.