पाडलेले मैदान, उरलेले आकडे

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९३२ साली गस ग्रीनली यांनी बेसबॉलचे मैदान उभारले. पैसा आकड्यांच्या जुगारातला (आपल्याकडील मटक्याचाच भाऊबंद), हे लपविण्याचे कारण नाही. पण फोर्ब्स फील्डवर ज्यांना कपडे बदलण्याची खोलीही नाकारली जाई, त्या कृष्णवर्णीय खेळाडूंना येथे हक्काची जागा मिळाली. ४ जुलै १९३४ रोजी सॅचेल पेज यांनी येथेच प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. १९३८ अखेर मैदान पाडले गेले आणि तेथे सरकारी घरे उठली. घरे हवीच होती. परंतु वस्तीने आपली म्हणून मिरविलेली वास्तूच त्यासाठी का निवडावी? या मैदानावर गाजलेल्या जॉश गिब्सन यांचे विक्रम अधिकृत नोंदींत आले, ते २०२४ मध्ये.