फीच्या पावतीवरील बारीक ओळी

जून महिना लागला कीं घरोघर छत्र्या, वह्या आणि फीच्या पावत्या यांची एकदम गर्दी होते. एकत्र कुटुंबांत तर एक पुतण्या अभियांत्रिकीस, एक नात विज्ञानशाखेस व दोन धाकटीं शाळेंत, असा प्रकार असल्यामुळें कर्त्या माणसापुढें चार तऱ्हेच्या पावत्या येऊन पडतात. बेरीज पाहून सुस्कारा सर्वच टाकतात. पण बेरजेच्या वर ज्या बारीक ओळी असतात त्या वाचण्याचे श्रम फारच थोडे लोक घेतात.

परवां कांदिवलीस एका स्नेह्यांकडे बसलों असतां तो योग आला. घरांतील आजोबांनीं चष्मा लावून नातीस विचारलें, “ग्रंथालयाची फी भरली आहे, वर्षांत घरीं पुस्तकें किती आणलींस?”

“आजोबा, प्रात्यक्षिक संपतें तोंवर तिथली खिडकी बंद झालेली असते.”

“आणि जिमखाना?”

“तिथं परीक्षेचीं बांकें रचून ठेवलीं आहेत.”

आजोबा हंसले नाहींत. “मग हें तूं तिथं कोणास सांगितलेंस का?” असें त्यांनीं विचारलें. नात गप्प राहिली. आम्हीही गप्पच राहिलों; कारण आमच्या मुलांस हा प्रश्न आम्हीं कधीं विचारलाच नव्हता.

संस्थांची बाजूही पाहिली पाहिजे. पुण्यास १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हां तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वर्षानुवर्षें काम करण्याचें व्रत घेतलें. शिक्षकाच्या त्यागावर शिक्षण स्वस्त ठेवण्याचे ते दिवस गेले, व तसा आग्रह धरणें न्याय्यही नाहीं. प्रयोगशाळेंतील रसायनें, संगणक, विजेचें बिल, झाडलोट करणाऱ्याचा पगार, हें सर्व कोठून तरी आलें पाहिजे. फी घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं; ज्या नांवानें ती घेतली त्या कामीं लागावी, एवढेंच म्हणणें आहे.

हें म्हणणें भाबडें नव्हे. महामारीमुळें वर्ग घरांतूनच भरत होते, तेव्हां राजस्थानांतील शाळांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ३ मे २०२१ रोजीं असा निर्णय दिला कीं, शाळांचा वीज, पाणी, इंधन व देखभाल यांवरील खर्च वांचला आहे, म्हणून फींत शेंकडा १५ सूट द्यावी. पुढें ऑगस्टांत महाराष्ट्र शासनानेंही तेवढ्याच कपातीचा आदेश काढला. जी सोय मिळाली नाहीं तिचे पैसे घेऊं नयेत, हें तत्त्व त्यांत आलें.

विचारण्याची सोयही कायद्यानें केली आहे. शाळांपुरता २०११ चा शुल्कविनियमनाचा कायदा आहे. त्यान्वयें नव्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें ठेवावा लागतो. महाविद्यालयांत २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणें महाविद्यालय विकास समिति असते. वार्षिक अंदाजपत्रक तयार करणें हें तिचें एक काम, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व चिटणीस तिचे सभासद असतात. म्हणजे दार आहे, ठोठावणारे थोडे.

तरी वाचकांस आमची विनंति अशी कीं, यंदाची पावती घरांतील सर्वांनीं मिळून एकदां वाचावी. कोणत्या ओळीचा मोबदला पुरेपूर मिळाला, कोणत्या ओळीचा मुळींच नाहीं, आणि कोणत्या सोयीसाठीं थोडी अधिक फीही आपण आनंदानें द्याल, हें आम्हांस थोडक्यांत कळवावें. संस्थेचें नांव घालूं नये; दोषारोप हा हेतु नाहीं. पत्र विद्यार्थ्यानें स्वतः लिहावें व वडील माणसांनीं खालीं आपलें मत जोडावें. ग्रंथपाल, लेखनिक व शिक्षक यांचीं पत्रें तर विशेष हवीं आहेत. खिडकी लवकर कां बंद होते हें त्यांच्यावांचून कोण सांगणार?

कांदिवलीच्या त्या नातीनें आपलें म्हणणें लिहून विद्यार्थी परिषदेकडे दिल्याचें कळलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आलें म्हणजे वाचकांस कळवूंच.