टाक्यांखालचे काम



मिरचीच्या हंगामात तळोदा तालुक्यातील एका घरी गेलो होतो. घरधन्याचे हर्नियाचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेले, टाकेही काढलेले. गडी खळ्यात उभा राहून मिरचीच्या पोत्याला हात घालू पाहत होता. आत आजीबाई त्याच्या जखमेवर लावायला वाटीत तेल-हळद कालवत होत्या. ताटात मात्र नुसता भात. "डाळीने पू होतो, अंडे तर नकोच," असे त्यांचे म्हणणे.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून त्यांना कलमाचीच गोष्ट सांगितली. आंब्याचे कलम करताना खुंट आणि काडी पट्टीने घट्ट बांधतो, हलू देत नाही. आत झाडाच्याच संजीवकांमुळे नव्या पेशी फुटतात आणि जोड सांधतो. तो रोज सोडून कोणी त्यात काही भरतो का?

माणसाच्या अंगातही अशीच संजीवके असतात. त्यांना वाढघटक म्हणतात. कातडी कापली की रक्तातील प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका एकमेकींना चिकटून गुठळी होते, आणि त्याच कणिका पहिले वाढघटक सोडतात. ही जणू गावातली दवंडी. ती ऐकून पांढऱ्या पेशी धावून येतात, घाण व जंतू खातात आणि पुन्हा स्वतःची दवंडी पिटतात. एका घटकामुळे रक्तवाहिन्यांना उसासारखे नवे फुटवे येतात. दुसऱ्यामुळे कोलॅजनचे धागे विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. तिसऱ्यामुळे वरची कातडी पुढे सरकते. नीट शिवलेल्या जखमेवर ही कातडी एक-दोन दिवसांतच मिटते, आणि तिथेच माणूस फसतो. आतले विणकाम पुढे कितीतरी दिवस चालू असते. तीन आठवड्यांनी तिथे मूळच्या ताकदीचा जेमतेम पाव हिस्सा येतो, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पूर्वीएवढी ताकद पुन्हा कधीच येत नाही. तेव्हा पोती कधी उचलायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

यातला एक घटक अमेरिकेच्या स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिलांचे डोळे वेळेआधीच उघडले होते! या शोधासाठी १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मधुमेह्यांच्या पायाची जखम भरत नसेल तर वाढघटकाचे मलम वापरतात. ऑपरेशनच्या साध्या जखमेला ते लागत नाही. अंगातले घटक पुरतात.

"मग आमची हळद वाईट का?" आजींनी विचारले. हळदीचा मान मोठाच आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाने मिळवले होते. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करवले. हळदीतील कर्क्युमिनने जखमेतला एक वाढघटक वाढतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसलेही आहे. पण प्रयोगातले कर्क्युमिन वेगळे आणि खळ्यात वाळवून गिरणीत दळलेली आपली हळद वेगळी. तिच्याबरोबर माती आणि जंतूही जखमेत जातात. राख-शेणाचे तर नावच नको. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात.

आता ताटाकडे या. वाढघटक प्रथिनांचे, कोलॅजनही प्रथिनांचेच. डाळ बंद करणे म्हणजे ऐन फुलोऱ्यात पिकाचे पाणी तोडणे. तूर, उडीद, अंडी, दूध, मासळी, जे घरात असेल ते द्या. विणकामाला क जीवनसत्त्व लागते. त्यासाठी आवळा, पेरू, आपल्या शहाद्याकडची पिकलेली पपई चालेल. बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, मग जखमेला रक्त कमी पोचते. मधुमेह्यांनी साखर ताब्यात ठेवावी. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तो असल्यास ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगावे. जखम लाल व गरम झाली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आजींनी वाटीकडे जरा वेळ पाहिले. मग तेल-हळद तशीच चुलीवरच्या कढईत ओतली आणि सुनेला हाक मारली, "डाळ धुऊन आण गं." पोती धाकट्या भावाने उचलली.